पिढ्यानपिढ्या टिकणारं वचन: देवाच्या विश्वासूपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाची बैठक संपते, सगळे उठतात आणि एखादी व्यक्ती मागे रेंगाळते. खालचे बहुतेक प्रश्न अशा रेंगाळणाऱ्यांचे आहेत. काही दुःखातून आलेले, काही निव्वळ कुतूहलातून. मला जेवढं शास्त्रात स्पष्ट दिसतं तेवढंच लिहिलं आहे. जिथे उत्तर लांबलं आहे तिथे ते मुद्दाम लांबू दिलं आहे.

देव विश्वासू आहे असं आपण सहज म्हणतो. त्या शब्दात नेमकं काय आहे?

जुन्या करारातला ‘विश्वासू’ हा शब्द ज्या हिब्रू धातूपासून येतो, त्याच धातूपासून आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो ‘आमेन’ शब्दही येतो. मूळ अर्थ पक्कं असणं, भार टाकला तरी न ढळणं. याच धातूपासून तान्ह्या मुलाला सांभाळणाऱ्या दाईसाठीही शब्द तयार होतो. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी म्हातारी नामी नातवाला उराशी धरते आणि त्याची दाई होते, तिथे तोच शब्द आहे. हे कळल्यापासून ‘देव विश्वासू आहे’ हे वाक्य मला कोरडं वाटत नाही. ज्याच्या कडेवर मूल निर्धास्त झोपतं, त्याच्याबद्दलचं ते बोलणं आहे. ते मूल म्हणजे ओबेद, दावीद राजाचा आजोबा. नामीला हे ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं.

‘अभिवचन’ आणि ‘करार’ यांत फरक काय?

अभिवचन म्हणजे देवाने दिलेला शब्द. त्या शब्दासाठी देव स्वतःला बांधून घेतो, तेव्हा तो करार होतो. हिब्रूत ‘करार करणे’ला शब्दशः ‘करार कापणे’ म्हणतात आणि उत्पत्ती १५ वाचलं की त्याचं कारण दिसतं. इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून कालवड, बकरी आणि मेंढा कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. अशा तुकड्यांमधून चालत जाणाऱ्याचा अर्थ असा असे की शब्द मोडला तर माझी गत या जनावरांसारखी होवो. यिर्मया ३४ मध्येही या रीतीचा उल्लेख आहे.

पण त्या रात्री अब्राहाम चालत गेलाच नाही. त्याला गाढ झोप लागली होती. धुमसती भट्टी आणि पेटती मशाल त्या तुकड्यांमधून गेली, म्हणजे देव एकटाच गेला. करार मोडल्याची शिक्षा देवाने स्वतःवर ओढून घेतली आणि दुसरा पक्ष त्या वेळी झोपलेला होता. अब्राहामाच्या सगळ्या गोष्टीत मला हीच रात्र सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या धरून ठेवण्यावर हे वचन टिकून असतं, तर ते दुसऱ्या पिढीपर्यंतही पोचलं नसतं.

मग देव इतका उशीर का लावतो?

संततीचं आणि देशाचं वचन घेऊन अब्राहामाने हारान सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. वचनाचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांत त्याने स्वतःच्या बळावर मार्ग काढायचा प्रयत्नही करून पाहिला. दासी हागारेपासून इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. पुढे इसहाकाचं लग्न चाळिशीत झालं आणि जुळे मुलगे साठीत झाले. म्हणजे वचनातून जन्मलेल्यालाही पुन्हा वीस वर्षं थांबावं लागलं.

उशिरामागचं कारण देव प्रत्येक वेळी सांगत नाही. उत्पत्ती १५ मध्ये मात्र त्याने एक कारण सांगितलं आहे आणि ते विचार करायला लावतं. तुझे वंशज ४०० वर्षं परक्या देशात राहतील, चौथी पिढी इकडे परत येईल, कारण इथल्या अमोरी लोकांच्या पापाचा घडा अजून भरलेला नाही. म्हणजे अब्राहामाच्या वंशजांना जमीन मिळायला उशीर होत होता, त्या काळात दुसऱ्या एका लोकसमूहाला वेळ दिला जात होता. आपल्या वाट पाहण्याच्या हिशेबात आपल्याला न दिसणारी माणसंही धरलेली असतात. अब्राहामाला हे आवडलं की नाही, शास्त्र सांगत नाही.

वचन पुरं होण्याआधीच माणूस गेला तर? त्याच्यापुरता देव विश्वासू ठरला असं कसं म्हणायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कोणीतरी गेलेलं माणूस असतं: मुलासाठी आयुष्यभर प्रार्थना करून गेलेली आई, समेटाची वाट पाहत गेलेले वडील. त्यांना घाईने उत्तर देऊ नये.

आधी अब्राहामाचाच हिशेब मांडू. आकाशातले तारे मोज, तितकी तुझी संतती होईल, असं त्याला सांगितलं होतं. तो १७५ वर्षं जगला. इसहाकाचे जुळे मुलगे जन्मले तेव्हा तो १६० वर्षांचा होता. म्हणजे डोळे मिटताना वचनाच्या त्या ओळीत त्याच्यासमोर तीनच जीव होते: एक मुलगा आणि पंधरा वर्षांचे दोन नातू. देशाबाबतही तसंच. सारा १२७ व्या वर्षी वारली तेव्हा तिला पुरायलाही त्याची स्वतःची जागा नव्हती. हेब्रोनाजवळचं मकपेलाचं शेत आणि त्यातली गुहा त्याने एफ्रोन हित्तीकडून ४०० शेकेल रुपं मोजून विकत घेतली, तीही सर्वांसमक्ष, रीतसर. अख्ख्या देशाचं वचन मिळालेल्या माणसाच्या मालकीची जमीन म्हणजे एक कबरस्तान. पण त्याने ते तिथेच घेतलं, मागे आपल्या मुलखात नेऊन साराला पुरलं नाही. पुढे तो स्वतः, इसहाक, रिबका, लेआ आणि मिसर देशात वारलेला नातू याकोब, सगळे त्याच गुहेत विसावले.

मग याकोबाचा मुलगा योसेफ, मिसरातला मोठा अधिकारी. मिसरात त्याला मानाचं दफन सहज मिळालं असतं. ११० व्या वर्षी मरताना त्याने भावांकडून शपथ घेतली: देव तुमची भेट घेईलच, तेव्हा माझ्या अस्थी इथून घेऊन जा. त्याचं शव पेटीत ठेवलं आणि उत्पत्तीचं पुस्तक तिथेच संपतं, मिसरातल्या एका पेटीवर. निर्गमाच्या पुस्तकात इस्राएल लोकांच्या मिसरातल्या वास्तव्याची ४३० वर्षं सांगितली आहेत. पुढचे लोक गुलाम झाले, विटा पाडू लागले, त्यांची बाळं नदीत टाकली गेली. ती पेटी मात्र कोणीतरी सांभाळत राहिलं. कोणी, त्याचं नाव नाही. सुटकेच्या रात्री घाईत भाकरीचं पीठ फुगायलाही वेळ नव्हता, तरी मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या. ४० वर्षं त्या रानात फिरल्या. यहोशवाच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी शखेमात, याकोबाने विकत घेतलेल्या जमिनीत, त्या पुरल्या गेल्या.

इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात योसेफाच्या विश्वासाचं उदाहरण म्हणून नेमकं हेच दिलं आहे. त्याची सत्ता नाही, स्वप्नांचे अर्थ नाहीत, भावांना केलेली क्षमाही नाही. त्याने अस्थींविषयी केलेली आज्ञा! त्याच अध्यायात म्हटलं आहे की हे सगळे वचनाची फळं न मिळता मेले, त्यांनी ती दुरून पाहिली आणि दुरूनच त्यांना वंदन केलं.

तरीही प्रश्न शिल्लक राहतो, कारण पुढच्या पिढीला मिळालं म्हणून गेलेल्याला मिळालं असं होत नाही. येशूने पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांना दिलेलं उत्तर मला इथे आधार देतं. देव मोशेला म्हणाला, मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव आहे. ‘होतो’ म्हणाला नाही. तेव्हा ते तिघे जाऊन शेकडो वर्षं झाली होती. तो मेलेल्यांचा नव्हे तर जिवंतांचा देव आहे, असं येशूने त्यावर सांगितलं. वचन ज्याला दिलं तो देवाच्या लेखी संपलेला नाही, म्हणून त्याचा हिशेबही मिटलेला नाही. पुनरुत्थानाची आशा काढून टाकली तर पिढ्यानपिढ्यांचा विश्वासूपणा हा वारसांपुरता दिलासा उरेल. मला तो पुरणार नाही आणि शास्त्रही तेवढ्यावर थांबत नाही.

यिर्मया २९:११ हे वचन मी माझ्यासाठी घेऊ शकतो का? ‘तुमच्याविषयी माझ्या मनात जे विचार आहेत ते हिताचे आहेत...’

घ्या, पण सगळं पत्र घ्या. इ.स.पू. ५९७ मध्ये यहूदाच्या यखन्या राजाबरोबर बाबेलास (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते लिहिलं. त्या वेळी हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मयाने लिहिलं: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा. बाबेलाची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमची भेट घेईन. अकरावं वचन या दहाव्या वचनाच्या लगेच पुढे येतं. पत्र हातात धरून ऐकणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ कोणीही परत जाणार नव्हतं. ‘हिताचे विचार’ त्यांच्या नातवंडांमध्ये दिसणार होते.

खोटं वचन एका आयुष्यात बसेल एवढंच होतं, म्हणून ते गोड लागलं. खरं वचन ऐकणाऱ्यांच्या आयुष्यापेक्षा मोठं होतं.

यिर्मयाने स्वतः काय केलं, तेही पाहा. यरुशलेमेला वेढा पडलेला, तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. तशात त्याने अनाथोथातलं चुलतभावाचं शेत १७ शेकेल रुप्याला विकत घेतलं. साक्षीदार बोलावले, खरेदीखतावर शिक्कामोर्तब केलं आणि ते पुष्कळ दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सांगितलं. ते शेत आपल्याला कसता येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. इ.स.पू. ५८६ मध्ये नगर पडलं. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास पारसाचा राजा कोरेश याने परत जाण्याची मुभा दिली. मंदिराचा पाया पुन्हा घातला गेला, तेव्हा जुनं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडले आणि बाकीचे आनंदाने ओरडत होते. एज्रा म्हणतो, रडणं कोणतं आणि आनंद कोणता हे ऐकणाऱ्यांना ओळखता येईना. वचन पुरं होताना ते असंच ऐकू येतं, निदान मला तरी.

आमच्या घराण्यात फार वाईट गोष्टी घडल्या आहेत. त्यामुळे वचन अडतं का?

दाविदाच्या घराण्याकडे पाहा. २ शमुवेल ७ मध्ये देवाने त्याला सांगितलं की तुझं घराणं आणि तुझं राज्य कायम राहील. पुढे त्याच घराण्यात अथल्या राजमाता झाली. मुलगा अहज्या मेल्याचं कळताच तिने सगळा राजवंश मारून टाकायला घेतला. त्या कत्तलीतून अहज्याच्या बहिणीने, यहोशेबाने, एका बाळाला चोरून उचललं आणि दाईसह लपवलं. योवाश नावाचं ते बाळ सहा वर्षं परमेश्वराच्या मंदिरात दडलेलं होतं. त्या सहा वर्षांत दाविदाला दिलेलं वचन डोळ्यांना दिसेल असं कुठेच उरलेलं नव्हतं. सिंहासनावर खुनी बाई आणि आतल्या खोलीत एक लेकरू, त्याला रडू द्यायलाही भीती. यहोशेबाबद्दल शास्त्रात दोन-चार ओळीच आहेत. तिच्या त्या उचलण्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

मत्तयाने येशूची वंशावळ दिली तेव्हा घराण्यातली लाजिरवाणी पानं फाडली नाहीत. तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे आणि बथशेबेला तर तो ‘उरीयाची बायको’ म्हणतो, म्हणजे दाविदाचा गुन्हा वंशावळीत लिहूनच ठेवला. मनश्शेही त्यात आहे.

आणि ‘वडिलांच्या अपराधाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन’ या वचनाची भीती कोणी घातली असेल, तर त्याच वाक्याचा पुढचा भाग वाचा. प्रीती करणाऱ्यांच्या हजारो पिढ्यांवर दया. तीन-चार आणि हजार. पापाचे परिणाम घरात झिरपतात हे खरं, पण मुलगा बापाच्या अपराधाचं ओझं वाहणार नाही, हे यहेज्केल १८ मध्ये देवाने अगदी रोखठोक सांगितलं आहे.

ती ‘हजार पिढी’ शब्दशः घ्यायची का?

नाही, ती मोजायला दिलेली नाही. मत्तयाच्या मांडणीत अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत १४ पिढ्यांचे तीन गट होतात, म्हणजे ४२. हजार म्हणजे तुमची मोजदाद संपेल, माझी दया संपणार नाही.

आम्ही विश्वासात आहोत, पण आमची मुलं दूर गेली. देवाने मुलाबाळांचं वचन दिलं आहे ना?

इथे सांभाळून बोललं पाहिजे, कारण या प्रश्नावर आईवडिलांना दोन्हीकडून दुखावलं जातं. एकजण म्हणतो, खात्री बाळगा, ती येणारच. दुसरा म्हणतो, तुमच्याच संस्कारात काही उणं राहिलं. दोन्ही शास्त्राच्या पुढे जाणारं बोलणं आहे.

नीतिसूत्रे २२:६ मध्ये मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण देण्याविषयी जे म्हटलं आहे ते शहाणपणाचं वचन आहे, करारपत्र नव्हे. शमुवेल लहानपणापासून देवाची वाणी ऐकणारा, आणि त्याचे मुलगे लाच घेणारे निघाले. हिज्कीया चांगला राजा, त्याचा मुलगा मनश्शे यहूदाच्या वाइटातल्या वाईट राजांपैकी एक. (मनश्शेही कैदेत असताना नम्र झाला, हे २ इतिहासात आहे.) त्याचा मुलगा आमोन वाईट आणि आमोनाचा मुलगा योशीया मनापासून देवाकडे वळलेला. ही साखळी कोणत्याही नियमात बसत नाही. विश्वास हा शेतासारखा वारसाहक्काने नावावर होत नाही. प्रत्येक पिढीला देवाशी स्वतः भेटावं लागतं. याकोबालाही ‘बापाचा देव’ पुरला नाही, बेथेलात उशाला दगड घेऊन निजल्यावर त्याची स्वतःची भेट झाली. तीही घरातून पळून जाताना!

म्हणून प्रार्थना करत राहा आणि स्वतःला शिक्षा करणं थांबवा. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या आजीचं नाव लोईस आणि आईचं युनीके हे पौलाला माहीत होतं. घरातल्या बायकांचा विश्वास देवाच्या नजरेतून सुटत नाही.

काही वचनं सशर्त असतात ना?

असतात. ‘अनुवाद’ या पुस्तकातले आशीर्वाद आणि शाप आज्ञापालनाशी बांधलेले आहेत. यिर्मया १८ मध्ये कुंभाराच्या घरी देव सांगतो की राष्ट्र वळलं तर मीही माझा बेत बदलेन. म्हणून कोणतंही वचन उचलण्याआधी ते कोणाला, कशासाठी, कोणत्या अटीवर दिलं ते वाचावं.

‘तुझी वचनं कुठे गेली?’ असं देवाला विचारणं अविश्वास आहे का?

स्तोत्र ८९ वाचा. पहिली ३७ वचनं दाविदाला दिलेल्या वचनाची, उत्साहाने ओसंडणारी. पुष्कळ वर्षं मी तिथेच थांबायचो. अडतिसाव्या वचनापासून सूर एकदम पालटतो: पण तू तर टाकून दिलंस, करार झिडकारलास, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास. आणि शेवटाकडे सरळ प्रश्न: प्रभू, दाविदाला शपथेने दिलेली तुझी पूर्वीची दया कुठे आहे? या प्रश्नाचं उत्तर त्या स्तोत्रात येत नाही. अखेरच्या ओळीत परमेश्वराचा धन्यवाद आहे आणि ‘आमेन, आमेन’.

देवाच्या लोकांनी ही तक्रार स्तोत्रसंहितेत ठेवली आणि ती गायली. ज्याला वचन आठवतं तोच अशी तक्रार करू शकतो. ज्याने आशा सोडली तो विचारत नाही, तो गप्प होतो.

हे सगळं इस्राएलाला दिलेलं. आमचा त्यात काय हक्क?

हक्क म्हणून नाही, पण वाटा आहे. पहिल्याच वचनात, उत्पत्ती १२ मध्ये, पृथ्वीवरची सगळी कुळं आलेली आहेत. पौल गलतीकरांना लिहितो की जे ख्रिस्ताचे आहेत ते अब्राहामाचे संतान आणि वचनाप्रमाणे वारस आहेत. इस्राएलाला वगळून ही जागा मिळालेली नाही; रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात पौल आपल्याला कलम केलेली रानटी फांदी म्हणतो आणि मुळापुढे मिरवू नका असं बजावतो. मरीयेच्या गीताचा शेवटही अब्राहामाच्या नावाने होतो. एका तरुण मुलीच्या पोटातल्या बाळाविषयी बोलताना तिला दोन हजार वर्षांइतकं मागचं वचन आठवलं.

मुलांना हे कसं सांगायचं? कुठून सुरुवात करू?

यहोशवाने यार्देनेच्या पात्रातून बारा धोंडे उचलून गिलगालात उभे केले. कशासाठी? पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले, म्हणून. आधी प्रश्न पडू द्यायचा, मग सांगायचं. शास्ते २:१० मध्ये लगेच दिसतं की परमेश्वराला न ओळखणारी पिढी त्यानंतर उभी राहिली, म्हणजे धोंडे असूनही सांगणं थांबू शकतं.

तुमच्या प्रार्थनांपैकी ज्यांचं उत्तर मिळालं त्या मुलांना सांगा, आणि ज्यांचं अजून मिळालेलं नाही त्याही सांगा. दुसऱ्या आपण लपवतो, आणि मुलांना वाटतं की मोठ्यांच्या विश्वासात वाट पाहणं नसतंच. वाचायचं असेल तर एका बैठकीत तीनच उतारे घ्या: उत्पत्ती ५०:२२-२६, निर्गम १३:१९, यहोशवा २४:३२. पहिल्या उताऱ्यानंतर पुस्तक बंद करा आणि विचारा, आता ही पेटी कोण सांभाळेल?